तिसरी खाच

आमच्या घराचं पुढचं दार रोज दुपारी साडेतीन ते साडेचार सताड उघडं असतं. बिबवेवाडीत हे म्हणजे निव्वळ वेडेपणा. त्या दारातून आजवर दोन मांजरं, पाण्याचे फिल्टर विकणारा एक इसम आणि एकदा तर शेजाऱ्यांचे पाहुणे आत आले. पाहुणे सोफ्यावर बसले, पाणी प्यायले आणि मग मलाच विचारू लागले की आपण कोण. सोसायटीच्या सेक्रेटरींनी लेखी नोटीस दिली. मी म्हटलं, अहो, चोराला द्या ना ती, त्याला जास्त उपयोग होईल. दार मात्र बंद केलं नाही. ते उघडं ठेवायचं हे आईनं ठरवलंय, आणि आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे.

माझी धाकटी बहीण दुपारी साडेतीनला घरातून बाहेर पडली ती परत आली नाही. त्याला एकतीस वर्षं झाली. तेव्हा ती बावीस वर्षांची होती. तिचं काय झालं हे आम्हाला आजही ठाऊक नाही. जिवंत आहे की नाही, एवढंसुद्धा नाही. माझ्यापुरतं सांगायचं तर मला एकदा तिची माफी मागायची आहे, आणि त्यासाठी ती कुठेतरी असायला हवी. बाकी माझं काही म्हणणं नाही.

आमची इमारत उभी आहे त्या जागी पूर्वी आमचं घर आणि त्याला लागूनच कामाची शेड होती. बिल्डरनं दोन्ही पाडली आणि आम्हाला पहिल्या मजल्यावर फ्लॅट दिला. धाकटी जिथे बसून काम करायची ती जागा आता खाली पार्किंगमध्ये, चौथ्या खांबापाशी येते. टेप लावून मोजलंय मी. तिथे हालचाल झाली की आपोआप लागणारा दिवा आहे. तो कुणी नसतानाही लागतो. रोज नाही, पण लागतो तेव्हा दुपारी साडेतीनच्या आसपास लागतो. इलेक्ट्रिशियन तीनदा येऊन गेला. "सेन्सर चायनीज आहे काका," म्हणाला. मीही तेच धरून चाललो होतो.

शेडमध्ये वडिलांचं एक गरम प्रेस मशीन होतं. त्यावर ते विजेच्या बटणांची काळी बुडं काढायचे. मग कॅम्पातल्या एका क्लबानं विचारलं, पत्त्यांच्या टेबलावर पैशांऐवजी लावतात तशा मातीच्या चकत्या करून द्याल का? बाहेरून यायच्या त्या मिळेनाशा झाल्या होत्या आणि प्लास्टिकच्या त्यांना चालत नव्हत्या. वडील हट्टी. शाडू, खडूची भुकटी आणि राळ कमीजास्त करत त्यांनी सहा महिने घालवले आणि शेवटी अशी चकती काढली की दोन चकत्या एकमेकींवर पडल्या तर दातावर दात आपटल्यासारखा आवाज यायचा. क्लबवाले खूश झाले. मला तो आवाज तेव्हाही आवडला नव्हता.

चकतीची शान तिच्या कडेत असते. आमच्या चकतीला पांढऱ्या कडेवर सहा हिरवे पट्टे होते. लोकांना वाटतं ते रंगवलेले असतात. रंगवलेले कसले! कच्ची मऊ चकती एका पोलादी पाटावर ठेवायची. पाट म्हणजे जेवायला बसायचा नव्हे. टेबलाला स्क्रूनं बसवलेला, पोळपाटाएवढा जाड पोलादी तुकडा. त्याच्या मधोमध चकती बसेल एवढा खळगा आणि खळग्याभोवती सहा खाचा. एकेका खाचेतून पातं खाली दाबलं की चकतीच्या कडेचा चिमुकला तुकडा निघतो. त्या जागी हिरव्या मातीचा तेवढाच तुकडा भरायचा. मग गरम साच्यात दाबलं की दोन्ही माती एकजीव. पट्टा आरपार गेलेला असतो. चकती झिजून अर्धी झाली तरी तो पुसत नाही.

आई माती मळायची, वडील प्रेसवर असायचे, धाकटी पाटावर बसायची आणि मी माल तपासायचो. माझा डिप्लोमा झाला होता, त्यामुळे मला जगातलं सगळं कळत होतं.

धाकटीच्या मालात एक खोट होती. चकतीच्या मधोमध उठवलेला शिक्का सरळ धरून वरून मोजलं की तिसरा पट्टा डावीकडे कललेला दिसायचा. सगळ्याच चकत्यांत नाही. सकाळच्या बहुतेक सरळ, जेवणानंतरच्या कललेल्या. यावरून मी शास्त्रीय निष्कर्ष काढला की पोट भरलं की हिचं लक्ष उडतं. ती म्हणायची, "दादा, पाट बघ ना एकदा." मी म्हणायचो, "पाटाला काय धाड भरलीय?"

पाटाला काही होणं शक्यच नव्हतं. तो वडिलांनी स्वतः कानशीनं घासून केला होता. खंडेनवमीला शेडमधली हत्यारं पूजेला मांडायची तेव्हा पहिला मान पाटाचा. धाकटी तो टेबलावरून सोडवून रॉकेलनं लख्ख पुसायची, वडील हळदकुंकू वाहायचे, झेंडूचं फूल ठेवायचे, आणि दसरा झाला की तो परत टेबलावर बसवायचं काम माझं. पूजेतल्या वस्तूत खोट असेल हे आमच्या डोक्यातच यायचं नाही. पुढे कंपनीत क्वालिटीच्या खात्यात मी तीस वर्षं काढली आणि नवीन पोरांना घसा फोडून सांगत आलो की बाबांनो, माणसावर शंका घेण्याआधी साधन तपासा. शेडमध्ये मात्र त्या हळदकुंकवाला पट्टी लावायची माझी छाती झाली नाही.

त्या वर्षी दसरा होऊन आठवडाभर झाला असेल. दुपारी मी धाकटीचा ट्रे तपासला तर निम्म्या चकत्या कललेल्या. खराब माल आम्ही ड्रममध्ये टाकून दळायचो आणि भुकटी पुन्हा मातीत मिसळायचो. मी अख्खा ट्रे उचलला आणि तिच्या समोर ड्रममध्ये उलटा केला. वडील बघत होते, म्हणून मला जास्तच जोर चढला. म्हटलं, "हात वाकडा आहे तुझा. उद्या सासरी पोळ्यासुद्धा वाकड्याच लाटशील. आणि तुला येत नाही असंही नाही, सकाळी बरं येतं. तू हे मुद्दाम करतेस."

"मुद्दाम?" ती म्हणाली.

ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं होतं रडेल, पण रडली नाही. उठली, बादलीत हात धुतले, ओढणीला पुसले, चपला घातल्या. दारात थांबून म्हणाली, "चहा ठेवलाय. उतू जाईल, बघ." आणि गेली. मी बघितलं नाही. चहा उतू गेला.

पुढचं सगळं अशा वेळी जसं होतं तसंच झालं. पोलिसांत तक्रार, नातेवाइकांकडे चकरा, पेपरात फोटो. कुणी म्हणालं स्वारगेटला दिसली, कुणी म्हणालं संगमाच्या बाजूला दिसली आणि हे सांगताना आवाज खाली आणला. वडील त्यानंतर एकदाही प्रेसवर बसले नाहीत. संक्रांतीच्या आत त्यांनी मशीन, साचे, पाट, सगळं भंगारवाल्याच्या टेम्पोत घातलं. मी पास झालेल्या चकत्यांचा एक बिस्किटाचा डबा तेवढा लपवून ठेवला. वडील गेले त्याला तेवीस वर्षं झाली. आईची नजर सहा वर्षांपूर्वी गेली. दार उघडं ठेवायचं मात्र पहिल्या दिवसापासून चालू आहे.

त्या डब्यापायी मी संग्राहक झालो. शनिवार पेठेत एका घड्याळाच्या दुकानाच्या माडीवर रविवारी सकाळी पाचसहा जण जमतात. कुणी काडेपेट्या आणतो, कुणी जुनी तिकिटं, आणि आम्ही दोघं चकत्यावाले. दुसरा आहे आयटीतला, तिशीचा. मी सरळ पट्ट्यांवर भाळणारा जुना क्यूसीवाला, आणि हा नेमका उलटा. याला खोटच हवी. कडेचा तुकडा घसरलेला, रंग शेजारच्या मातीत उतरलेला, पांढऱ्यात काळा ठिपका आलेला, असलं काही दिसलं की त्याचे डोळे लकाकतात. ज्या चकत्या मी ड्रममध्ये घातल्या असत्या त्या हा मखमलीत ठेवतो. माणसाला कशाचं वेड असावं याला काही धरबंध नाही.

गेल्या पौषात तो एक पिशवी घेऊन आला. "काका, हे बघा, काय क्रेझी आहे! ऑनलाइन घेतल्या, एकदम न्यू आहेत. क्ले, हँडमेड. आणि थर्ड स्पॉट ऑलमोस्ट प्रत्येक चिपवर सेम अँगलनं टिल्टेड! हाऊ इज धिस पॉसिबल?"

त्यानं एक चकती माझ्या तळहातावर ठेवली. ती थंडगार होती. पांढरी, कडेला सहा हिरवे पट्टे. शिक्का वेगळा होता. मी शिक्का सरळ केला, वरून मोजलं, एक, दोन, तीन. तिसरा डावीकडे कललेला होता. चकती माझ्या हातातून निसटली आणि पिशवीतल्या चकत्यांवर आपटून तोच आवाज झाला, दातावर दात. आयटीवाला म्हणाला, "काका, शुगर लो झाली का?" मी म्हटलं, "हो, लो झाली, ही एक चकती मला दे आणि कुठून आली ते सांग."

घरी येऊन मी भिंग घेतलं, कोनमापक घेतला. माझ्या डब्यात चुकून राहिलेली एक कललेली चकती होती. ती आणि ही शेजारी ठेवली. एकतीस वर्षांचं अंतर आणि पट्ट्याचा कोन तोच. केसभरही फरक नाही. जगात दोन माणसांचा हात असा सारखा चुकत नाही, हे मी शपथेवर सांगायला तयार होतो. म्हणजे धाकटी आहे. कुठेतरी शेडमध्ये वाकून बसलीय आणि दुपारनंतर तिचा हात घसरतोय. तिला आता त्रेपन्न वर्षं झाली असतील. मला आनंद व्हायला हवा होता, पण अंगावर सर्रकन काटा आला तो जाईचना. इतकी वर्षं ही बाई एकच चूक करत कुठे बसली होती?

मी चकती खिशात ठेवून आईच्या खोलीत गेलो. अजून तोंडही उघडलं नव्हतं. आई कॉटवर पाठ टेकून बसली होती. तिनं नाक वर केलं.

"शाडूचा वास कुठनं येतोय रे?"

चकती भाजलेली, दाबलेली. तिला नावालाही वास नव्हता, मी आधीच हुंगून बघितलं होतं. मी ती आईच्या हातात दिली. तिनं अंगठा कडेवरून फिरवला. तिसऱ्या पट्ट्यावर अंगठा थांबला. दाबून चपटा केलेला पट्टा बोटाला लागतही नाही, पण तिचा अंगठा तिथेच थांबला. तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता ही हंबरडा फोडणार. तिनं चकती माझ्याकडे परत केली.

"ठेव ते," म्हणाली. "शोधू नकोस."

"आई, तिची आहे ही! नवी आहे. ती आहे कुठेतरी!"

"शोधायला जाऊ नकोस म्हटलं ना."

मग माझा तोल सुटला. एकतीस वर्षं दार उघडं टाकून बसतेस, सगळ्या सोसायटीत आमचं हसं करतेस, आणि आता पत्ता लागायची वेळ आली तर जाऊ नको? आई आहेस की कोण आहेस? इतकं मी बोललो. ती ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "साडेतीन झाले. दार उघड." घड्याळात बरोबर साडेतीन झाले होते. मी दार उघडलं. खाली पार्किंगमध्ये दिवा लागलेला जिन्यातून दिसत होता.

पार्सलवर पत्ता लोणी काळभोरचा होता. दुसऱ्या दिवशी मी आईला बँकेत जातो म्हणून सांगितलं आणि सोलापूर रोडला लागलो. रस्ताभर मी वाक्य घोकत होतो. मी चुकलो, हे वाक्य. साधंच आहे, पण मला त्याची सवय नाही. हडपसरच्या पुढे तर मी हेल्मेटच्या आत ते मोठ्यानं म्हणून बघितलं.

हमरस्ता सोडून आत उसाच्या कडेला पत्र्याची शेड होती. दार उघडंच होतं. आत ऊन आडवं पडलेलं आणि त्यात पांढरी धूळ. दाराकडे पाठ करून एक बाई टेबलाशी बसली होती. डावा पाय स्टुलावर मुडपून घेतलेला, मान उजवीकडे झुकलेली. धाकटी अशीच बसायची. अगदी अशीच. आई तिला ओरडायची, अगं बाई, पाय खाली सोड, मुलीच्या जातीला शोभत नाही. मी दारातच उभा राहिलो. बाईनं पातं दाबलं, हिरवा तुकडा भरला, चकती सरकवली. चकती चकतीवर पडली. तो आवाज झाला.

"दादा आलाय," मी म्हटलं. मला दुसरं काही सुचलंच नाही.

तिनं वळून बघितलं. पस्तिशीची, सावळी, अनोळखी बाई. "कोन दादा?" ती म्हणाली. "मालक हायेत की मागं. बोलवू का?"

मी भिंतीला टेकलो. तिनं मला पाण्याचा तांब्या दिला. मग शेडचा मालक आला, चाळिशीचा शेतकरी गडी, अंगात टी-शर्ट. त्याला वाटलं मी ऑर्डर द्यायला आलोय. मी सांगितलं, नाही, मी चकत्या जमवतो, ही मशीनं कुठली? "आमच्या आन्नांनी भंगारातनं आणल्याली," तो म्हणाला. "लई वर्सं गोठ्यात पडून व्हती. धाकल्या भावानं मोबाइलवर बघितलं की असल्या चकत्या लोक घेत्यात. आता चालू केलंय."

तेव्हा मी टेबलाकडे नीट बघितलं. स्क्रूनं बसवलेला तो पोलादी पाट वडिलांचा होता. खळग्याच्या कडेला त्यांच्या कानशीचे ओरखडे मी झोपेतही ओळखले असते. पाटाच्या कोपऱ्यांत हळदकुंकवाचा वाळका थर होता.

"तुम्ही पाय असा मुडपून का बसता?" मी त्या बाईला विचारलं. प्रश्न विचित्र होता, पण तिनं सरळ उत्तर दिलं. "न्हाई मुडपला तर तिसऱ्या खाचेवर हात पोचत न्हाई. ती खाच वाकडी हाय. पातं डावीकडं वढती. सकाळी हात ताजा आसतो, तवा दाबून सरळ धरती. जेवान झाल्यावर मनगट ऐकत न्हाई. म्या मालकाला सांगितलं की."

"पूजेतला पाट हाय," मालक घाईघाईनं म्हणाला. "आन्ना दर दसऱ्याला पुजायचे. त्याला नावं ठिवू नये."

मला हसू आलं का रडू, ते आता आठवत नाही. तो कललेला पट्टा धाकटीचा हात नव्हताच. तो पाट ज्या बाईच्या हाताखाली जाईल तिची तो धाकटी करत होता. तिचा पाय मुडपत होता, मान झुकवत होता, दुपारनंतर तिचं मनगट थकवत होता आणि मग तिला कुणीतरी म्हणत होतं की तुझा हात वाकडा. धाकटी जिवंत असल्याचा एक पुरावा मला मिळाला होता, तो त्या टेबलाशी उभ्या उभ्या विरून गेला. आणि ज्या गोष्टीवरून मी तिला घालवली ती तिची चूकच नव्हती.

मी मालकाला म्हटलं, मी तीस वर्षं क्वालिटीत होतो, पाट सोडवून दाखवाल का, मोजून देतो. तो कुरकुरला, पण माझं वय बघून पाना घेऊन आला. चार स्क्रू निघाले. पाट जड आहे. मी तो दोन्ही हातांनी उचलला आणि उलटा केला. पाटाची मागची बाजू मी कधीच बघितली नव्हती. बघायचं काही कारणच नव्हतं. पूजा वरच्या बाजूची होते.

मागे गंज चढलेला होता आणि गंजाखाली टोच्यानं कोरलेली अक्षरं होती. मी रुमाल थुंकीनं ओला करून पुसलं. तिसऱ्या खाचेकडे एक बाण काढलेला होता. त्याच्या शेजारी धाकटीच्या शाळेतल्या गोल अक्षरात लिहिलं होतं: दादा, ही खाच वाकडी आहे. बाबांना न दुखवता नीट कर.

मालक विचारत होता, काय हाय, काय लिवलंय. मी काही नाही म्हणालो. पाट त्याच्या हातात दिला आणि बाहेर येऊन उसाच्या कडेला बसलो. ती बाई पुन्हा तांब्या घेऊन आली. "कोन लागत व्हती तुमची?" तिनं विचारलं. मी तिला काहीच सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "बहीण." तिनं मान हलवली आणि आत गेली. थोड्या वेळानं आत पुन्हा चकत्या पडायला लागल्या.

घरी पोचलो तेव्हा दार उघडं होतं. शेजारच्या वहिनींनी आईच्या सांगण्यावरून उघडून ठेवलं होतं. आई कॉटवर होती.

"बँकेत गर्दी होती का?" ती म्हणाली. मी चपला काढेपर्यंत पुढे म्हणाली, "पाट बघितलास."

मी तिच्या पायाशी खाली बसलो. तिनं सगळं सांगितलं ते इतक्या साध्या आवाजात की जणू वाणसामानाची यादी सांगतेय. धाकटीनं खाच तिला दाखवली होती. त्याच वर्षीच्या खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, पाट पुसताना. वडिलांना सांगते म्हणाली. आई म्हणाली, खबरदार, त्यांनी हातानं केलेल्या पाटाला सणाच्या तोंडावर नाव ठेवशील तर. मग धाकटी म्हणाली, दादाला सांगते. आई म्हणाली, तो ऐकून घेणार नाही, अंगावर येईल. आणि मग आईनंच तिला तोड सुचवली.

"मी म्हटलं, मागल्या अंगाला लिहून ठेव. दसरा झाला की तोच बसवतो पाट. उचलेल तेव्हा दिसेल त्याला. हळूच नीट करून टाकेल. तुझंही मन राहील आणि ह्यांचंही राहील."

मला तो दिवस लख्ख आठवला. मला कुठेतरी क्रिकेटची मॅच बघायला जायचं होतं. मी हळदकुंकू सांडू नये म्हणून पाट तसाच आडवा धरून उचलला, टेबलावर ठेवला आणि चार स्क्रू आवळले. दोन मिनिटांचं काम.

"धाकटी आठवडाभर वाट बघत होती," आई म्हणाली. "रोज मला विचारायची, आई, दादानं बघितलं असेल ना? मी म्हणायचे, बघितलं असणार गं. पाट उचलला म्हणजे बघितलंच असणार. थोडी कळ काढ, करेल नीट." मग माझ्याकडे तोंड वळवून म्हणाली, "आणि मग तू ट्रे ओतलास. मुद्दाम करतेस म्हणालास."

मी तिचा पाय घट्ट धरला.

"म्हणजे तिला वाटलं..."

"हो," आई म्हणाली. "तिला वाटलं तू वाचलंस. वाचून म्हणालास."

"एकतीस वर्षं तू मला सांगितलं नाहीस?"

"एक गेली होती. दुसरा कशाला घालवू?" मग तिनं हात पुढे करून माझं डोकं चाचपलं. "दार लाव आता. पुरे झालं."

मी दार लावलं नाही. आई नको म्हणते, तरी आता मीच रोज साडेतीनला ते उघडतो आणि जिना उतरून खाली जातो. चौथ्या खांबापाशी मी पोचायच्या आधीच दिवा लागलेला असतो. इलेक्ट्रिशियननं सांगितलंय की एक मिनिट हालचाल नाही झाली की तो आपोआप बंद होतो. मी तिथे अजिबात न हलता उभा राहतो. वॉचमन लांबून बघत असतो, बघू दे. मिनिट होऊन जातं, दोन होतात, दिवा जात नाही.

"मी बघितलं नव्हतं गं," मी म्हणतो. "आईशप्पथ, बघितलंच नव्हतं."

मग दिवा जातो.